प्लेलिस्टमधल्या उडालेल्या व्हिडिओंची नावं परत शोधता येतात का?

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या ग्रुपची यूट्यूबवर एक सामायिक प्लेलिस्ट आहे, ज्याला जे भारी सापडेल ते त्याने तिथे टाकायचं एवढाच नियम, त्यामुळे त्यात काय वाट्टेल ते आहे, म्हणजे कुणीतरी कॅल्क्युलेटरवर वाजवलेली धून, पियानोवर नाचणारं मांजर, कुठल्याशा बँडचा लांबलचक लाइव्ह सेट, स्केटबोर्डवरून आपटणारी माणसं, आणि मधेच एकदम गप्प करून टाकणारं एखादं गाणं. परवा वरपासून खाली बघत गेलो तर जागोजागी राखाडी चौकोन, ‘डिलीटेड व्हिडिओ’ नाहीतर ‘प्रायव्हेट व्हिडिओ’, बाकी काही पत्ता नाही. व्हिडिओ परत मिळावेत असं म्हणत नाही पण निदान ते काय होतं हे तरी कळेल का? नाव कळलं तर दुसऱ्या कुणी टाकलेला शोधता येईल.

दुसरं म्हणजे गाणी. ग्रुपमधला एक जण स्पॉटिफायवाला, एक अॅपल म्युझिकवाली, बाकीचे फुकटे यूट्यूबवाले. लिंक टाकली की "माझ्याकडे उघडत नाहीये" असं उत्तर येतं आणि विषय संपतो.

तिसरं, आणि खरं तर यासाठीच झोप उडालीय, त्या उडालेल्यांपैकी एका व्हिडिओतली धून डोक्यात अडकून बसलीय. गाणं ओळखणाऱ्या शॅझम अॅपला गुणगुणून दाखवली, ते ढिम्म. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी:
नावं सापडू शकतात, सगळी नाही पण बरीच. फोनवर नको, कॉम्प्युटरवर बस. राखाडी चौकोन दिसतच नसले तर प्लेलिस्टच्या तीन ठिपक्यांमधून अनुपलब्ध व्हिडिओ दाखवायचा पर्याय चालू कर. मग त्या चौकोनावर क्लिक केलंस की वर पत्त्यात ‘व्ही=’ च्या पुढे ११ अक्षरं दिसतील, तो त्या व्हिडिओचा आयडी. व्हिडिओ गेला तरी आयडी तोच राहतो. तो अवतरणचिन्हांत टाकून गूगल कर, कुणीतरी कुठल्या तरी चर्चेत ती लिंक नावासकट चिकटवलेली असते. तिथे नाही मिळालं तर अख्खा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाक. व्हिडिओ चालेल अशी आशा धरू नकोस, पण पानाची जुनी प्रत असली तर शीर्षक आणि चॅनेलचं नाव मिळून जातं.

धागाकर्ता:
अरे काय सांगतोस! आत्ता करून बघितलं, पहिल्याच आयडीला नाव मिळालं, तो कॅल्क्युलेटरवाला होता :) पण एकेक करत बसायचं म्हणजे म्हातारा होईन.

रात्रपाळी:
मग गूगल टेकआउटमधून तुझा यूट्यूबचा डेटा मागव. प्लेलिस्टची एक फाइल येते, त्यात आयडी आणि तू टाकल्याची तारीख असते. नावं त्यातही नसतात, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मला शिव्या घालशील. पण आयडी एका जागी मिळतात आणि तारखेवरून पुष्कळदा आठवतं, की अरे तेव्हा आपण सगळे त्या अमक्या बँडच्या मागे लागलो होतो वगैरे. प्लेलिस्ट ज्याच्या खात्यावर आहे त्यानेच मागवायचा बरं का.

जुनीखोड:
यात भर. ‘डिलीटेड’ आणि ‘प्रायव्हेट’ हे वेगळे प्रकार आहेत. प्रायव्हेट म्हणजे व्हिडिओ जिवंत आहे, फक्त मालक दाखवत नाही. आणि यातले बरेच मालकाने मुद्दाम लपवलेले नसतातही. २०१७ च्या आधी टाकलेले जे ‘अनलिस्टेड’ होते, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसणारे, ते यूट्यूबने जुलै २०२१ मध्ये सरसकट प्रायव्हेट केले, मालकाने नको म्हणून कळवलं असेल तेवढे सोडून. ज्यांनी खातं उघडूनच बघितलं नाही त्यांना कळलंही नसेल. तेव्हा चॅनेलचं नाव मिळालं आणि तिथे संपर्क दिलेला असेल तर सरळ विचारा, लोक खूश होऊन परत उघडून देतात. मला एकदा मिळालंय असं.

खुळखुळा:
शॅझमचा यात दोष नाही हो, त्याचं कामच वेगळं आहे. ते ध्वनीचा आलेख काढतं, त्यातली ठळक शिखरं टिपून त्यांचा ठसा बनवतं आणि साठ्यातल्या रेकॉर्डिंगशी तंतोतंत जुळतो का बघतं. तुम्ही गुणगुणलात म्हणजे ते रेकॉर्डिंग नव्हेच. म्हणून कॉन्सर्टमधल्या लाइव्ह गाण्यालाही ते पुष्कळदा हात टेकतं, गाणं कितीही प्रसिद्ध असो. (अवांतर: २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं तेव्हा अॅप वगैरे नव्हतंच, २५८० नंबर फिरवून फोन स्पीकरसमोर धरायचा, मग एसएमएसने गाण्याचं नाव यायचं.) गुणगुणायचं तर गूगलच्या अॅपमध्ये माइक दाबून गाणं शोधायचा पर्याय घ्या, ऑक्टोबर २०२० पासून आहे. दहा-पंधरा सेकंद पुरतात, शब्द नकोत, सूर थोडा हलला तरी चालतं, कारण ते फक्त चालीचा चढउतार बघतं.

धागाकर्ता:
केलं. तीन वेगवेगळी गाणी दाखवली, कुठलंच धड जुळत नाही असं तेच टक्केवारी देऊन सांगतंय. घरचे विचारतायत काय चाललंय. लिंकांचं कुणीतरी सांगा तोवर.

तिरकीटधा:
साँगलिंक बघा, त्यालाच ओडेस्लीही म्हणतात. कुठल्याही अॅपची लिंक टाकली की एक पान बनवून देतं, त्यावर स्पॉटिफाय, अॅपल, यूट्यूब सगळ्यांची बटणं, ज्याचं त्याने दाबावं. ग्रुपवर ते पान टाकायचं. फक्त पाठवण्याआधी एकदा उघडून बघा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी कोड असतो, स्टुडिओतल्याचा वेगळा आणि लाइव्हचा वेगळा, पण कधीकधी जुळवाजुळवीत लाइव्हच्या जागी स्टुडिओवालं येतं, आणि तुम्ही तर त्या लाइव्हमधल्या ड्रमसाठीच पाठवलेलं असतं. लोक ऐकून म्हणतात ठीकठाक आहे. डोकं फिरतं.

रोखठोक:
मी जरा कडू बोलतो. नुसती निळी लिंक फेकून वर "बघाच" लिहिणाऱ्यांच्या लिंका मी उघडतच नाही. नाव लिहा, कोण वाजवतंय ते लिहा, कशासाठी बघायचं ते एका ओळीत लिहा. लांब व्हिडिओ असेल तर कॉम्प्युटरवर शेअर दाबल्यावर खाली ‘स्टार्ट अॅट’ची चौकट असते, तिथे वेळ टाका, लिंकच्या शेवटी ‘टी=’ लागून सेकंद येतात आणि समोरच्याला थेट तिथेच उघडतं. ‘एसआय=’ आणि पुढचं शेपूट मात्र उडवा, लिंक कुणी कुठून शेअर केली याचा माग ठेवायला ते असतं, त्याच्याशिवायही लिंक चालते. आणि धागाकर्ते, नाव लिहिलं असतंत तर आज हा धागा काढावाच लागला नसता.

जुनीखोड:
+१. शिवाय मित्रांनी पाठवलेलं काहीबाही उघडलं की आपल्या सजेशनचा उकिरडा होतो, एक मांजर बघितलं की आठवडाभर मांजरं. संशय असेल ते इन्कॉग्निटोमध्ये उघडा, नाहीतर बघून झाल्यावर हिस्टरीतून काढा.

खुळखुळा:
मांजरांबद्दल एक शब्द बोलायचा नाही. बरं धागाकर्ते, धूनवाला व्हिडिओ दिसायला कसा होता? वाद्य कुठलं?

धागाकर्ता:
वाद्य असं काही नव्हतंच, तीच तर मजा. एक बाई उभी, समोर लाकडी पेटी, तिला एक उभी दांडी आणि बाजूला एक आडवी कडी. बाई कशालाही हात लावत नाही, नुसती हवेत बोटं हलवते आणि कुणीतरी गळा काढून गातंय असा आवाज येतो. मागे पियानो. व्हिडिओ जुना, रंग उडालेले.

खुळखुळा:
अहो थेरेमिन! रशियन संशोधक लेव्ह तेरेमिन याने १९२० च्या आसपास शोधलेलं. उभ्या अँटेनापासून हात किती लांब यावर सूर, आडव्या कडीपाशी दुसरा हात, त्यावर आवाज कमीजास्त. आणि जुन्या व्हिडिओतली बाई म्हणजे बहुतेक क्लारा रॉकमोर. पियानोबरोबर संथ, लांब ओढलेले सूर असतील तर सेंट-सांस या फ्रेंच संगीतकाराची ‘द स्वान’ ऐका. मूळ रचना १८८६ ची, चेलोसाठीची, पण थेरेमिन वाजवणारे सगळे तिच्यावर हात साफ करतात.

धागाकर्ता:
हीच!!! हीच ती!!! पहिल्या चार सुरांतच ओळखली. व्हिडिओपण दुसऱ्या चॅनेलवर सापडला, लगेच ग्रुपवर टाकला, नाव आणि वाद्य लिहून, हे रोखठोक साहेबांसाठी. अॅपल म्युझिकवालीचं उत्तर आलंय, "माझ्याकडे उघडत नाहीये".

तिरकीटधा:
साँगलिंक :ड