रिमोट हातात आहे म्हणून निवेदकाची जबाबदारी संपते का?
वर कुणीतरी म्हटलंय की अँकर-आरजे लोकांना एवढं कशाला धरायचं, नको वाटलं तर चॅनेल बदला. नाही पटलं. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की पुराचा इशारा, ४३ ला धोका, हे आम्हा कोल्हापूरकरांना पाठ आहे ओ, पण पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली पोरं टीव्हीवरच बघतात आणि तिथं अँकर 'कोल्हापूर बुडालं' म्हणून ओरडत असतो, मग घरी म्हातारी माणसं फोन उचलत नसली की त्यांचा जीव टांगणीला. पातळी किती, कुठला रस्ता बंद, एवढं शांतपणे सांगायला काय जातं?

आणि रेडिओवरचे प्रँक कॉल! २००८ मध्ये बीबीसीच्या दोन निवेदकांनी एका वयस्कर नटाच्या फोनवर त्याच्या नातीबद्दल घाणेरडे मेसेज ठेवले, एकाला काम सोडावं लागलं, दुसऱ्याला १२ आठवडे बिनपगारी घरी बसवलं, बीबीसीला दीड लाख पौंड दंड. आणि तो कार्यक्रम लाइव्ह नव्हताच, रेकॉर्डेड होता, म्हणजे वरच्यांनी पास करून सोडला, म्हणून त्या रेडिओ चॅनेलच्या कंट्रोलरला, म्हणजे प्रमुखालाही जावं लागलं. आपल्याकडं पास करणाऱ्याचं नाव तरी कधी कळतं का?