यंदा रंगपंचमीला गेर, आपली रंगांची मिरवणूक, बघायला जाऊ का? (लिव्हर बदलून सात महिने)

रामबागचे काका:
नमस्कार मंडळी. वय 61, बँकेतून निवृत्त, मुक्काम रामबाग, इंदूर. गेल्या ऑगस्टमध्ये मुंबईला लिव्हर बदललं. आत 3.2 सेंटीमीटरची एकच गाठ होती, कॅन्सरची. मूळ कारण हिपॅटायटिस बी. हे आधीच सांगून टाकतो, कारण लिव्हर म्हटलं की पानवालासुद्धा डोळा बारीक करून विचारतो, "काका, घेत होतात वाटतं?" उभ्या जन्मात शिकंजीपलीकडे काही घेतलं नाही. तुकडा धाकट्या लेकीने दिला.

आता बरा आहे. शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस सकाळी 8 आणि रात्री 8, हिपॅटायटिसची गोळी वेगळी, ती जन्मभर. हात कापतात, बशीत चहा ओतला की अर्धा पायजम्यावर. साखर वाढलीय. दर तीन महिन्यांनी ए.एफ.पी. असते, म्हणजे कॅन्सर परत आला का बघायची रक्ततपासणी, रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी टीव्हीचा आवाजसुद्धा मोठा करत नाही.

तर परवा रंगपंचमी. करोनाची वर्षं सोडली तर कळायला लागल्यापासून एक गेर चुकवलेली नाही. डॉक्टर फोनवर "गर्दी टाळा" एवढंच बोलले. बायको म्हणते, उंबरठा ओलांडून तर बघा. राजवाड्याच्या कडेला मास्क लावून पाच मिनिटं उभा राहिलो तर? आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत एक जिलबी?

सुदामानगरची वहिनी:
काका, गेरमध्ये "कडेला" असं काही असतं का हो? टँकरचं पाणी आणि मशीनने उडवलेला गुलाल तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला सोडत नाही. मास्क भिजला की नुसतं ओलं फडकं. आमच्या ह्यांना सहा वर्षं झाली, अजून आम्ही त्या दिवशी खिडक्या लावून बसतो.

जिलबी कढईतून उतरलेली गरम खाल्ली तर पोटाला काही नाही, साखरेचं तुमचं तुम्ही बघा. पण हिरवी चटणी, कच्चा कांदा, दहीवडा, बर्फ आणि तुमची ती शिकंजीसुद्धा बाहेरची नको.

एक सांगते. दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी प्रेमाने ह्यांना गुळवेलीचा काढा सुरू केला, मला न सांगता. बारा दिवसांत एस.जी.पी.टी., लिव्हरच्या तपासणीतला आकडा, वर गेलं, चार दिवस ॲडमिट. डॉक्टर म्हणाले, जी प्रतिकारशक्ती आम्ही गोळ्यांनी दाबतोय तीच तुम्ही काढ्याने उठवताय. गुळवेलीने लिव्हर बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्येच नोंदवले होते म्हणे. शेजारपाजारचे काढे घेऊन येतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

नऊ वर्षं जुना:
भिया, वहिनींशी सहमत. गेर राहू द्या.

बाकी एकच गाठ आणि 5 सेंटीमीटरच्या आत, म्हणजे तुम्ही मिलानच्या निकषात बसता. कॅन्सरच्या कोणत्या रुग्णाचं लिव्हर बदलावं हे ठरवायला 1996 पासून डॉक्टर ती फूटपट्टी वापरतायत. कॅन्सर परत येण्याची भीती पहिली दोन वर्षं जास्त, मग रिपोर्टच्या दिवशी टीव्हीचा आवाज हळूहळू वाढतो.

रक्तातल्या टॅक्रोलिमसच्या लेव्हलच्या तपासणीला जाताना सकाळची गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या. मी एकदा घरूनच घेऊन गेलो. आकडा नेहमीच्या तिप्पट. लॅबवाल्याने गोळी घेतली का म्हणून विचारलंसुद्धा नाही. दोन दिवस आम्ही एवढ्या औषधाने किडनी गेली म्हणून रडलो, तिसऱ्या दिवशी बायकोने डबीतल्या गोळ्या मोजल्या तेव्हा उलगडा झाला. आणि पपनस, ग्रेपफ्रूट बंद, त्यानेही आकडा चढतो.

भावाला दिलेली:
काका, मी दाता. तीन महिन्यांत लिव्हर जवळजवळ पहिल्याएवढं झालं, दहाव्या आठवड्यात मी ऑफिसला. पण अजून पाण्याने भरलेली बादली उचलताना सगळे धावतात, आणि भावाने शिंक दिली तरी आई आधी माझ्याकडे बघते. तुम्ही बायकोला विचारलंत, डॉक्टरांना विचारलंत, आम्हाला विचारताय. धाकटी काय म्हणते?

रामबागचे काका:
विचारलं. खरं सांगतो, सुचलंच नव्हतं. म्हणाली, "बाबा, मला जायचंय. सात महिने मीपण कुठे गेले नाहीये."

ती गेली. मी गच्चीत खुर्ची टाकून बसलो, तिने राजवाड्यावरून व्हिडिओ कॉल लावला. निम्मा वेळ मोबाइलवर नुसता गुलाबी धूर आणि कोणाचा तरी खांदा, आवाज मात्र तोच. परत आली तर ओळखू येईना. बायकोने अंगणातच दोन बादल्या ओतल्या तिच्यावर, मगच घरात घेतलं. बादल्या बायकोने उचलल्या, हे मी मुद्दाम पाहिलं.

रात्री भावाबरोबर सराफ्यात जाऊन जिलबी घेऊन आली. गार झाली होती म्हणून बायकोने तव्यावर गरम केली, कडा जरा करपल्या. मी दोन वेढे खाल्ले. आज सकाळी साखर 168.