टॅरोचा कंटाळा आलाय? म्हणे नवा डेक घ्या!

कपबशी: काल इथे पोस्ट आली की टॅरोतला, म्हणजे भविष्य बघायच्या त्या चित्रांच्या पत्त्यांतला, इंटरेस्ट गेला असेल तर नवा डेक (पत्त्यांचा संच) घ्या, पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवा, रोज सकाळी एक कार्ड काढा, 21 दिवसांत कनेक्शन परत येतं. वाचून डोकंच फिरलं. अहो, इंटरेस्ट जातो तोच या रोजच्या एका कार्डापायी! गॅसवर दूध उतू चाललंय, एका हाताने कार्ड काढायचं, नाइन ऑफ स्वोर्ड्ससारखं चिंतेचं कार्ड निघालं की गुपचूप परत शफल. मला तर कार्ड दिसायच्या आधी अ‍ॅपमधला अर्थ ऐकू यायला लागला होता. शेवटी रोजचं बंदच केलं. आता खरंच काही अडलं तरच डेक काढते, आणि अर्थबिर्थ न बघता चित्रात काय दिसतं ते वहीत लिहिते. फोर ऑफ कप्स घ्या. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तो पोरगा, समोर तीन पेले, ढगातून हात चौथा पुढे करतोय आणि हा ढिम्म. कंटाळ्यावर त्यातच पानभर लिहून झालं. डेक तोच जुना, कडा झिजलेला.

चांदणरात: पोस्ट माझी होती, नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं. आईच्या आजारपणात माझं सगळंच सुटलं होतं. नंतर थॉथ नावाचा डेक घेतला, तो रंगवणाऱ्या फ्रीडा हॅरिसचे ते रंग बघून परत हात लावावासा वाटला. तुम्हाला नसेल जमत, मला जमलं. आणि इजिप्तची हजारो वर्षांची विद्या आहे ही, थोडा रिस्पेक्ट ठेवा.

आंबोलीकर: इजिप्त?? हे 1781 साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच माणसाने ठोकून दिलं, तेव्हा इजिप्तची लिपी कुणाला वाचता पण येत नव्हती, ती 1822 ला उलगडली. टॅरो पंधराव्या शतकात इटलीत खेळायचे पत्ते म्हणून आले, फ्रान्समध्ये लोक अजून खेळतात. आणि पत्त्यांचंच कौतुक असेल तर सावंतवाडीची गंजिफा, हाताने रंगवलेले जुने पत्ते, बघा की! दशावतारी, 120 गोल पाने, दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी राजवाड्यात ही कला परत उभी केली आणि आपले लोक काय करतात, तर सेट घेऊन फ्रेम करून हॉलमध्ये टांगतात. खेळायला तिसरा भिडू मिळत नाही!

नास्तिक_नाना: उत्साह गेला म्हणजे अक्कल आली, परत कशाला आणताय? माझ्या मावशीकडून एका टॅरोवाल्या बाईने "अडथळा काढते" म्हणून पैसे उकळले, वर सांगितलं घरात कुणाला बोलू नका.

कपबशी: नाना, असल्या बायांना मीपण शिव्याच घालते. पण वहीत लिहून मी कुणाचं काय वाकडं केलंय?

नास्तिक_नाना: लिहा ना. भिंतीवरचं कॅलेंडर बघून लिहिलंत तरी तेच येईल.

शाईवाली: नाही येणार. मार्सेय या जुन्या फ्रेंच डेकमध्ये फोर ऑफ कप्स म्हणजे नुसते चार पेले, काय लिहिणार त्यावर? कपबशीचा तो पोरगा ज्यात आहे त्या 1909 च्या डेकमध्ये छोट्या, म्हणजे आकड्यांच्या, कार्डांवरही माणसं आली, गोष्टी आल्या, त्या पामेला कोलमन स्मिथने काढल्या. आणि सगळे म्हणतात रायडर-वेट! रायडर छापणारा, वेट सांगणारा, जिने काढलं तिचं नावच गायब. मोबदला किरकोळ मिळाला, 1951 ला गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. निदान चित्रावर लिहिणाऱ्यांनी तरी तिचं नाव घ्यावं.

आंबोलीकर: आमच्याकडे पण तेच, गंजिफा रंगवणाऱ्या चिताऱ्यांची नावं कुणाला माहितीयेत?

चांदणरात: प्रत्येक गोष्ट सावंतवाडीला नेऊन सोडायलाच पाहिजे का? विषय काय, चाललंय काय!

आंबोलीकर: ताई, तुम्ही इजिप्तला नेलंत, मी निदान महाराष्ट्रात ठेवलं.

चांदणरात: बरं बाबा, इजिप्त मागे घेते. चांदणं नाही घेणार. आणि कपबशी, वहीचं करून बघेन, पण माझ्या थॉथवरच.

कपबशी: थॉथच्या फोर ऑफ कप्सवर माणूसच नाहीये, बघा काय सुचतंय ते.

नास्तिक_नाना: आंबोलीकर, गंजिफाला तिसरा भिडू हवा होता ना? मी येतो. भविष्य काढलंत तर उठून जाईन.

आंबोलीकर: गंजिफात भविष्य नसतं हो, फक्त हरणं असतं. दुसरा भिडू पण शोधतोय, कळवतो.