मराठी टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) केला, पण झेरॉक्समध्ये मध्यरेषेचा ठिपका आणि अनुस्वार दोन्ही उडतात

उद्यमनगरी_पॅटर्न (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचे पॅटर्न (ओतकामासाठीचे नमुने) बनवण्याचे लहानसे शॉप आहे. फाउंड्रीकडून आलेली ड्रॉइंग मी फ्रीकॅड या संगणकीय आरेखनाच्या प्रणालीतल्या टेकड्रॉ या विभागात पुन्हा काढून कारागिरांना देतो. इंग्रजी टायटल ब्लॉकमधल्या सूचना कोणी वाचत नाही, असे लक्षात आल्यावर आयएसओ ए३ चा तयार टेम्प्लेट इंकस्केप या चित्र काढण्याच्या प्रणालीत उघडून त्याचे मराठीकरण केले. माझ्या संगणकावर सारे नीट दिसते. मात्र दुसऱ्या संगणकावर ‘तपासणाऱ्याची सही’ ही अक्षरे निराळ्या फॉन्टमध्ये येऊन चौकटीबाहेर जातात, आणि एक संपूर्ण सूचना तर टेकड्रॉमध्ये उमटतच नाही. शॉपमध्ये ए४ वर झेरॉक्स काढून वापरतात. त्या कागदावर मध्यरेषा (तुकडा आणि ठिपका अशी) आणि लपलेली कड (नुसत्या तुकड्यांची) यांतला फरकच कळत नाही, आणि ‘अंतर’चे ‘अतर’ होते. रेषांची जाडी आणि अक्षरांची उंची किती ठेवावी?

शिरोली_ड्राफ्ट्समन

ठिपका का उडतो, हे आकड्यांवरूनच समजेल. आयएसओ १२८ या मानकात तुकड्यांची लांबी रेषेच्या जाडीच्या पटीत दिलेली आहे : लपलेल्या कडेचा तुकडा जाडीच्या १२ पट, मध्यरेषेचा लांब तुकडा २४ पट, फट ३ पट आणि ठिपका जास्तीत जास्त जाडीच्या निम्मा. तुमची बारीक रेषा ०.२५ मिमी असेल, तर ठिपका ०.१२५ मिमी भरतो. ए३ चा ए४ केला की तो ०.०९ मिमीच्याही खाली जातो, आणि प्रतीची प्रत काढली की संपला. उरतात नुसते तुकडे आणि फटी, म्हणजे कारागिराच्या लेखी लपलेली कडच.

ए३ वर बाह्यरेषा ०.७ मिमी आणि बारीक रेषा ०.३५ मिमी घ्यावी. ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ ही मालिका दोनच्या वर्गमुळाच्या पटीने चढते आणि ए३-ए४ च्या बाजूंचे प्रमाणही तेच असल्यामुळे लहान प्रतीवर तुमच्या रेषा आपोआप ०.५ आणि ०.२५ वर येऊन बसतील. शाईच्या पेनांच्या काळात पिवळ्या कड्याचे पेन ०.३५ चे आणि निळ्याचे ०.७ चे असे, तेव्हा ही जोडी डोळ्यांतच बसलेली होती. आता ड्रॉप-डाउनमध्ये जे वर दिसेल ते आपण घेतो.

टेम्प्लेटवाला

उमटत नसलेली सूचना तुम्ही इंकस्केपमध्ये चौकट ओढून लिहिली असणार. तसा वाहता मजकूर टेकड्रॉला दाखवता येत नाही. मजकुराचे साधन घेऊन एकदाच क्लिक करावे आणि ओळी स्वतः तोडाव्यात.

फॉन्टच्या बाबतीत दोन प्रकारचा मजकूर वेगळा धरावा लागतो. ‘प्रमाण’, ‘साहित्य’, ‘तपासणाऱ्याची सही’ ही कायमची लेबले लिहून झाल्यावर त्यांचे पाथमध्ये (रेषाकृतीत) रूपांतर करावे, म्हणजे ती केवळ आकृती उरतात आणि समोरच्या संगणकावर फॉन्ट असो वा नसो, ‘ऱ्या’ मोडत नाही. मूळ मजकुराची एक प्रत मात्र जपून ठेवावी, कारण नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. जे रकाने टेकड्रॉमध्ये भरायचे आहेत, ते मजकूर म्हणूनच राहू द्यावेत आणि त्यांच्यासाठी ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हा फॉन्ट सर्व संगणकांवर बसवावा. त्या रकान्यांना ‘एडिटेबल’ या गुणधर्मात दिलेले नाव भाषांतरित करू नये. भरलेला मजकूर त्याच नावाखाली साठवला जातो, त्यामुळे नाव बदलून टेम्प्लेट जुन्या ड्रॉइंगला लावला, की जुनी माहिती त्या रकान्यात उतरत नाही.

गोकुळ_शिरगाव

उंचीबद्दल थोडे. ड्रॉइंगवरच्या अक्षरांचे मानक असलेल्या आयएसओ ३०९८ मध्ये रोमन, ग्रीक आणि सिरिलिक अक्षरांचे भाग आहेत, देवनागरीचा नाही. तिथली उंची मोठ्या रोमन अक्षराची असते. आपण शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी आणि वेलांटी व उकारासाठी वरखाली वेगळी जागा सोडावी. ए४ वर जाणाऱ्या ए३ साठी मी ५ मिमी धरतो. लहान होऊन ती ३.५ राहते. ठळक वळण टाळावे, त्यात अनुस्वार शिरोरेखेला चिकटतो.

मापांचे आकडे मात्र इंग्रजीच ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. आमच्याकडे हौसेने मराठी आकडे केले होते. पुसट झेरॉक्सवर रिबची (मजबुतीच्या पट्टीची) १९ ची जाडी ११ वाचली गेली आणि पॅटर्न तसाच तयार झाला. व्हर्निअरवर जे आकडे आहेत, तेच कागदावर बरे. ‘प्रथम कोन प्रक्षेपण’ हे शब्द (दृश्ये कागदावर कशी मांडली आहेत, ते सांगणारे) लिहिलेत तरी त्यासाठीचे छाटलेल्या शंकूचे चिन्ह काढून टाकू नये, कारण अमेरिकी ग्राहकाचे ड्रॉइंग बहुधा तृतीय कोनात येते.

उद्यमनगरी_पॅटर्न

आपणा सर्वांचे आभार. ०.७ आणि ०.३५ वर प्रत काढली. झेरॉक्सवर ठिपका दिसतो. सूचना चौकट ओढूनच लिहिली होती, ती आता उमटते. ‘अंतर’ही वाचता येते, परंतु ५ मिमीमुळे ‘तपासणाऱ्याची सही’ रकान्यात मावेना, म्हणून तिथे ‘तपासले’ एवढेच ठेवले. ‘मोजमाप कागदावरून घेऊ नये’ ही सूचना आता टायटल ब्लॉकच्या वर मोठ्या अक्षरांत टाकली आहे. आमच्या मिस्त्रींची पट्टी ओतीव लोखंडाच्या आकुंचनासाठी आधीच साधारण १ टक्का मोठी असते, आणि लहान केलेल्या प्रतीवर तीच पट्टी ठेवताना मी त्यांना दोनदा पाहिले आहे.