गोकाकच्या टेकडीवर दगडाची खोली बघितली, हे नेमकं काय असंल?

सीमेवरचा_जावई:
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, सासुरवाडी गोकाक तालुक्यात. दिवाळीला गेल्तो तर सासरे म्हणाले चला शेत दाखवतो, आन शेताच्या वर जी खडकाळ टेकडी हाय तिथं ही वस्तू बघितली. तीन बाजूला उभ्या शिळा, वर एकच आडवी लादी, जाडी वीतभर आन लांबी एवढी की माझे दोन्ही हात पसरले तरी पुरले नाहीत. चौथ्या बाजूच्या शिळेला मधोमध गोल भोक, मध्यम कलिंगड जाईल एवढं. आत वाकून बघायला गेलो तर गांधीलमाशांचं पोळं, तिथनं जे पळालो ते सासऱ्यांच्या देखत, जाऊ दे. चुना नाही, सिमेंट नाही, एक अक्षर कोरलेलं नाही. गावात सगळे 'पांडवर मने' म्हणतात, पांडवांचं घर. मग यात भीम कसा मावला म्हणून विचारलं तर सासूबाई बोलायच्या बंद झाल्या. बाजूला अशाच अजून दोन ढासळलेल्या पण हायत. कुणाला काय म्हाईत हाय का?

चिकोडी_एक्सप्रेस:
एलियनचा टोलनाका. फास्टॅग नव्हता म्हणून माशा सोडल्या अंगावर.

जांभा_दगड:
एवढं काय नसंल ओ, धनगर लोक कोकरं कोंडायला असलं काहीतरी करतात, आमच्या खानापूरकडं पण दगड रचलेले दिसतात.

खापरवेडा:
कोकरांसाठी कोण टनभर वजनाची लादी वर चढवंल? वर्णनावरनं तरी हे महापाषाण काळातलं, म्हणजे मोठमोठ्या शिळा रचून मेलेल्यांना पुरायचे त्या काळातलं दफन वाटतंय, इंग्रजीत डॉल्मेन म्हणतात ते. तुमच्या सासुरवाडीच्याच तालुक्यात कोन्नूरला अशा शिळांच्या खोल्या आहेत, त्यांनाही लोक पांडवांचीच घरं म्हणतात. आपल्याकडं मोठा दगड दिसला की पांडव, नाशिकची लेणी बौद्धांची असून नाव पांडवलेणी, तसंच हे. तिकडं कोप्पळ जिल्ह्यात हिरेबेनकलला तर टेकडीवर शेकडो आहेत, साधारण इ.स.पू. 800 ते 200 मधल्या, आणि 2021 पासनं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत पण नाव आहे. तिथं मोऱ्यर नावाच्या बुटक्या लोकांनी बांधली म्हणतात. म्हणजे भीम मावत नाही हा प्रश्न तिथल्या लोकांनी आधीच सोडवला!

खोली गोकाककडंच का आणि खानापूरकडं का दिसत नाही, तर माझ्या मते दगडाचा हिशोब. गोकाककडचा वाळूचा दगड थरांनी सुटतो, पाचर मारली की लादी निघते. तुमचा जांभा चिऱ्यांना चांगला, पण त्याच्या एवढ्या पातळ आणि लांब लाद्या कुठनं निघायच्या.

आता जावईबापू दोन गोष्टी बघा. लादीच्या कडेला ओळीनं चौकोनी खाचा आहेत का? असतील तर ते अलीकडच्या दगडफोड्यांच्या छिन्नी-सुतकीचं काम असू शकतं. आणि आसपास खापरं दिसतात का, आतनं काळी, बाहेरनं तांबडी?

सीमेवरचा_जावई:
खापरं!! ओ मी एक खिशात घालून आणलंय की. आतनं कोळशासारखं काळं, काठाला पण काळं, आन खाली तांबडं, हाताला गुळगुळीत लागतंय. सासूबाई म्हणाल्या भाजीचं मडकं करपलेलं हाय टाकून द्या. खाचा नव्हत्या, कडा नुसत्या तुटल्यासारख्या.

खापरवेडा:
चुलीवर करपलेलं मडकं बाहेरनं पण काळं होतं ओ, नुसतं आतनं नाही. हे मडकं भट्टीत पालथं ठेवून भाजायचे. तोंड राखेत पुरलेलं, तिथं हवा पोचत नाही म्हणून काठ आणि आतला भाग काळा राहतो, वरच्या बाजूला हवा लागते तिथं मातीतलं लोखंड तांबडं होतं. विदर्भात माहुरझरी, जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, तिथंही अशीच भांडी निघालीत, माहुरझरीला तर घोड्याचं दफन, अंगावर तांब्याचे दागिने. आता नुसत्या एका खापरावर काळ ठरत नाही, पण खोली, भोक आणि खापर तिन्ही एका जागी म्हटल्यावर माझा तरी संशय फिटला. फक्त ते खापर उचलायला नको होतं, कुठं पडलेलं होतं तीच खरी माहिती असते.

तांबडी_माती:
जागा नक्की कुठं ते इथं लिहू नका, हात जोडून सांगतो. आमच्याकडं असाच एक दगड होता, कुणीतरी निधी हाय म्हणून उठवलं, अमावस्येला लिंबू नारळ घेऊन पोरं गेली आन पहारीनं लादीचे दोन तुकडे केले. काय घावलं? मातीत मिसळलेली हाडं. शिवाय गुप्तधनाचा कायदा हाय, गुप्तधन घावलं तर कलेक्टरला कळवावंच लागतंय, म्हणजे सोनं निघालं तरी गुपचूप घरी न्यायची सोय नाही. धारवाडला पुरातत्त्व खात्याचं ऑफिस हाय, तिकडं फोटो पाठवा.

सीमेवरचा_जावई:
रविवारी परत गेल्तो. खापर उचलल्या जागी ठेवलं (अंदाजानं, बाभळीजवळ होतं एवढं नक्की), मोबाईलच्या कंपासवर भोक पूर्वेकडं दाखवतंय. लांबनं फोटो काढलेत, धारवाडला पाठवतो. घरी सांगितलं की थडगं हाय, तर सासूबाईंनी मला दारातच थांबवून आधी पायावर दोन तांबे पाणी ओतलं.