मदत हवी आहे: ट्रूनॅट मशीन आहे पण चिप नाही

आमच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात टीबीसाठी ट्रूनॅट मशीन आहे, गोव्यात बनतं तेच, बॅटरीवर चालतं म्हणून लाइट गेली तरी काम अडत नाही आणि साधारण तासाभरात रिपोर्ट येतो. टेक्निशियनही चांगला आहे. पण प्रत्येक टेस्टला नवी चिप लागते आणि चिपच संपल्यात, त्यामुळे मशीन कपडा टाकून ठेवलंय आणि आशाताई थुंकीच्या डब्या आइस बॉक्समध्ये घालून एसटीने जिल्ह्याला पाठवतायत. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट ऊसतोडीला निघून जातो, मग शोधायचा कुठे?

मेडिकल ऑफिसरशी बोललो, जिल्ह्याला लेखी अर्ज दिला, उत्तर एकच, वरून स्टॉक नाही. मायक्रोस्कोपी चालू आहे पण त्यात रिफाम्पिसिन रेझिस्टन्स (म्हणजे टीबीचे जंतू रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देत नाहीत का ते) कळत नाही, म्हणून तो पर्याय प्लीज सुचवू नका. प्रायव्हेट लॅब लोकांना परवडत नाही. निक्षय मित्र (सरकारी योजनेत टीबी पेशंटना स्वेच्छेने मदत करणारे) म्हणून मदत करायला गावातले काहीजण तयार आहेत.

रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून किंवा निक्षय मित्रांच्या मदतीतून चिप लोकल लेव्हलला घेता येतात का, आणि त्यासाठी नेमकी कोणाची लेखी परवानगी लागते? कोणी केलंय का असं?