जुन्या पिकअपची डिझेल टाकी गळतेय: वेल्डिंग करू की टाकीच बदलू?

प्रश्न

गाडी जुनी डिझेल पिकअप, रोज माल वाहते. लोखंडी पत्र्याची टाकी हौद्याखाली चेसिसला दोन पट्ट्यांनी आवळलेली आहे. हल्ली सकाळी गाडीखाली तेलकट डाग दिसतो. टाकीचा मागचा खालचा कोपरा कायम ओला, त्यावर धूळ बसून काळा थर झालाय आणि बोटाने घासलं की रंगाचे पापुद्रे हातात येतात.

एक वेल्डर म्हणतो, "डिझेलच आहे, काही होत नाही, टाकी धुऊन वेल्डिंगचा टाका मारून देतो." मला ते पटत नाही. टाकी घरच्या घरी उतरवता येईल का? पट्ट्यांचे बोल्ट गंजून पार गोळा झालेत, पाना बसेल असं वाटत नाही.

उत्तर १

तात्पुरतं म्हणून एपॉक्सी पुटी लावा. डिझेलची पातळी भोकाच्या खाली आणा, पत्रा चकचकीत होईपर्यंत काचपेपरने हाताने घासा, पूर्ण कोरडा करा, मगच पुटी धरते. माझ्या गाडीला बरी टिकली, मग शेजारीच दुसरीकडून झिरपायला लागलं.

उत्तर २

पुटीने वेळ मारून नेता येते, पण कोपरा असा सोलवटतोय म्हणजे पत्रा दोन्ही बाजूंनी खाल्ला गेलाय. डिझेलमधलं पाणी जड, ते तळाला बसून आतून गंजवतं. बाहेरून पट्ट्याखालच्या रबरात अडकलेला ओला चिखल तेच काम करतो.

वेल्डिंगला मात्र कृपा करून नाही म्हणा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. पेट्रोल कडाक्याच्या थंडीतही पेटेल अशी वाफ सोडतं. डिझेलला त्यासाठी साधारण ५० अंशांच्या पुढे तापावं लागतं, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण वेल्डिंगच्या उष्णतेपुढे ५० अंश म्हणजे काहीच नाही. सांध्याच्या घडीत आणि गंजाखाली मुरलेलं डिझेल नुसतं धुऊन निघत नाही. टाकी बदला.

त्याआधी एक खात्री करा. भरायच्या नळीचा रबरी होज तडकला तरी डिझेल टाकीच्या पाठीवरून ओघळत खालच्याच कोपऱ्यात येऊन टपकतं, आणि चांगली टाकी फुकट बदलली जाते. सगळं पुसून कोरडं करा, होजपासून कोपऱ्यापर्यंत खडूची पूड चोळा आणि आधी कुठे भिजते ते बघा. फक्त टाकी फुल केल्यावरच गळत असेल तर संशय होजवर किंवा वरच्या फ्लोटच्या (डिझेल किती आहे ते काट्याला कळवणारा तरंगता भाग) वायसरवर घ्या.

उतरवायचं काम घरी होतं, पण मोकळ्या हवेत आणि दोघांनी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, डिझेल झाकणाच्या डब्यात काढून घ्या. बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नाहीच सुटले तर करवतीने हाताने कापा, ग्राइंडर टाकीजवळ आणू नका. पट्टे सोडण्याआधी जॅकवर फळी ठेवून टाकीला खालून आधार द्या. तळाशी थोडं डिझेल उरतंच, टाकी तिरकी झाली की ते एका बाजूला धावतं आणि सगळं वजन हातावर येतं. जाणाऱ्या आणि परतीच्या पाइपांवर खुणा करून ठेवा, त्यांची अदलाबदल झाली तर पुढे डोक्याला ताप.

प्रश्नकर्ता

पूड लावून बघितली. होज आणि पाठ कोरडी ठणठणीत, कोपऱ्यातल्या सांध्यावर मात्र ओली रेघ उमटली. म्हणजे टाकीच गेली. मनापासून आभार. जुन्या गाडीची काढलेली टाकी मिळतेय, ती घेऊ का?

उत्तर २

फ्लोटच्या तोंडातून टॉर्चने आत बघा. तळाला तांबूस गाळ असेल तर तुमच्याच दुखण्याची दुसरी टाकी विकत घेताय. पत्र्याची बनवून घेणार असाल तर जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू देऊ नका, डिझेलमध्ये जस्त उतरून फिल्टर आणि इंजेक्टर खराब करतं.

टाकी वर चढवण्याआधी फ्लोटची वायर जोडून तो हाताने वरखाली करा, चावी फिरवून काटा हलतोय का बघा. वायसर, होज, क्लिपा आणि पट्ट्यांखालची रबरं नवीनच घाला. डिझेल फिल्टरही बदला, आतापर्यंत सगळा गंज त्याच्यातच गेलाय. नंतर डिझेल लाइनच्या हातपंपाने पाइपांतली एअर काढा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत सेल्फ मारत बसू नका. सुरुवातीला थोडंच डिझेल घालून सांधे बघा, मग फुल करून फ्लोटच्या वायसरभोवती बोट फिरवा.